शाईपेनांच्या बैठकीला जाताना

दुकानात शाईपेन काचेच्या कपाटात असतं. विक्रेता ते बाहेर काढतो, ग्राहक वजन पाहतो, टोपण उघडून-लावून बघतो, फार तर कोरडी निब कागदावर टेकवतो आणि तेवढ्यावर दोन-पाच हजारांचा निर्णय घेतो. ऑनलाइन खरेदीत तेवढंही नाही. पण शाईपेनाचा स्वभाव शाई कागदावर उतरेपर्यंत कळत नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलची दोन पेनं शेजारी ठेवली तरी एकाची निब ओली चालते, दुसऱ्याची सुकी. एक पेन जरा कललं की अडतं, दुसरं कसंही धरा, लिहीत राहतं.

पेनप्रेमींच्या बैठका नेमक्या इथे उपयोगी पडतात. दहा-बारा माणसं एखाद्या रविवारी सकाळी टेबलाभोवती जमतात, शाई भरलेली आपापली पेनं मांडतात आणि एकमेकांना लिहायला देतात. गप्पा, आठवणी, शाईची देवघेव, जुन्या पेनांचे किस्से हे सगळं त्याच्या भोवतीचं. ज्या बैठकीत पेनं नुसती पाहिली जातात, फोटो काढले जातात आणि किमती सांगितल्या जातात, तिथून नवखा माणूस रिकामाच परततो. लिहायला मिळालं तर तासाभरात त्याला स्वतःच्या हाताबद्दल जे कळतं, ते वर्षभर माहिती वाचूनही कळत नाही. म्हणून बैठकीला जाणाऱ्याने आणि ती भरवणाऱ्यानेही लिहिण्याचं टेबल केंद्रस्थानी ठेवावं.

अशा गाठीभेटींची रीत जुनी आहे. ब्रिटनमध्ये लेखनसाधनांच्या चाहत्यांची ‘रायटिंग इक्विपमेंट सोसायटी’ १९८० पासून आहे. २०१२ पासून नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार ‘फाउंटन पेन डे’ म्हणून पाळला जातो. जर्मनीच्या पेलिकन कंपनीने २०१४ मध्ये ‘पेलिकन हब्ज’ सुरू केले. वर्षातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी, बहुधा सप्टेंबरात, जगभरच्या शहरांत पेनप्रेमी एकाच दिवशी जमतात. नावनोंदणीला पैसे लागत नाहीत, प्रत्येक शहरात एक स्वयंसेवक जागा ठरवतो आणि कंपनी शाईसारखी छोटी भेट पाठवते. यातला साधेपणा घेण्यासारखा आहे. एक तारीख, एक टेबल आणि एक जबाबदार माणूस एवढ्यावर बैठक उभी राहते. त्यासाठी पुण्या-मुंबईतच असायला हवं असं नाही. नाशिक, कोल्हापूर किंवा अकोल्यातही शाईने लिहिणारी सहा माणसं सापडतातच.

पहिल्यांदा जाणाऱ्याने घरातली सगळी पेनं उचलून नेऊ नयेत. तीन ते पाच पुरेत, आणि त्यात रोज वापरातलं एक तरी असावं. महागडं पेन कोऱ्या अवस्थेत डबीत घालून नेण्यापेक्षा दोनशे रुपयांचं, हाताला सरावलेलं पेन नेलं तर टेबलावर जास्त बोलणं होतं. पेनं आदल्या रात्री धुऊन ताजी शाई भरावी, कारण महिनाभर पडून घट्ट झालेल्या शाईने कोणत्याही पेनाची परीक्षा नीट होत नाही. सोबत जुन्या सुती कापडाचा तुकडा आणि स्वतः रोज वापरतो ती वही. ही वही विसरू नये. बैठकीत कुणीतरी जपानी गुळगुळीत कागद आणलेला असतो आणि त्यावर प्रत्येक पेन छानच चालतं. घरी येऊन शाळेच्या वहीत किंवा कचेरीतल्या झेरॉक्सच्या कागदावर तेच पेन वापरलं की शाई फुटते, मागच्या पानावर उमटते आणि हळहळ वाटते. ज्या कागदावर पुढे लिहायचं आहे, त्याच कागदावर पेन तपासलं पाहिजे.

वहीचा दुसरा उपयोग नोंदीचा. ज्या पेनाने लिहिलं त्याचं नाव, निबेची जाडी आणि आतली शाई हे सगळं त्याच पेनाने लिहून ठेवावं. दोन-तीन बैठकांनंतर ही पानं कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची होतात. किती ओली रेघ, किती जाड, वाळल्यावर रंग कसा झाला, सगळं आपल्याच अक्षरात समोर असतं.

आता लिहायचं काय? नवं पेन हाती आलं की मराठी माणूस सहसा आधी ‘श्री’ लिहितो. ही रीत तपासणीसाठीही उत्तम आहे, कारण त्या एका अक्षरात वळण आहे, तिरकी रेघ आहे, उभा दंड आहे आणि वरची वेलांटी फिरवताना निब चारही दिशांना जाते. त्यानंतर ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ह’, ‘ळ’ लिहावेत. जाड निबेने बारीक अक्षर काढणाऱ्याच्या ‘ह’ आणि ‘क्ष’ची पोकळी शाईने भरून जाते, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. देवनागरीत ओळीच्या वरही मात्रा आहेत आणि खालीही उकार आहेत, त्यामुळे दोन ओळींतल्या जागेत रोमन लिपीपेक्षा जास्त दाटी होते. आखीव वहीत लहान अक्षर काढणाऱ्याला म्हणून बारीक निब सोयीची पडते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की ‘फाइन’ आणि ‘मीडियम’ यांचं सर्वमान्य माप नाही. जपानी कंपन्यांची ‘फाइन’ युरोपीय ‘फाइन’पेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. निबेवरचं अक्षर वाचून नव्हे, रेघ पाहून ठरवावं.

टोक सपाट घासलेली ‘स्टब’ निब कुणाच्या पेनात असेल तर ती आवर्जून मागून घ्यावी. तिने उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते. म्हणजे शिरोरेषा नाजूक, काना-दंड भरदार. साधंच अक्षर असलेल्या माणसाचीही ओळ एकदम उठून दिसते. मात्र अशी निब भराभर टिपणं काढायला सोयीची नाही, आणि शब्द संपल्यावर एका झटक्यात लांब शिरोरेषा ओढण्याची सवय असेल तर निब थोडी वळताच रेघ तुटते. हे बैठकीत दहा ओळी लिहून कळतं.

काही पेनांचा घाटच असा असतो की हातात घेतल्याशिवाय ती आपली की परकी ते सांगता येत नाही. १९८० मध्ये आलेल्या लामी सफारीची पकड त्रिकोणी आहे. अंगठा आणि तर्जनी ठरावीक जागीच बसतात. ज्याची पेन धरण्याची पद्धत तशीच आहे त्याला ते फार आवडतं, इतरांची बोटं पंधरा मिनिटांत दुखतात. पायलट कॅपलेसची निब बटण दाबल्यावर बाहेर येते, पण त्याची क्लिप निबेच्याच बाजूला असते आणि ती बोटांच्या मध्ये येते. १९४१ च्या पार्कर ‘५१’ची निब टोपीखाली झाकलेली असते, त्यामुळे पेन हातात फिरलं आहे की सरळ आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हातालाच ओळखावं लागतं. तिन्ही नामांकित पेनं आहेत आणि तिन्ही प्रत्येकाला मानवतील असं नाही.

दुसऱ्याचं पेन हाती घेण्याचे संकेत थोडेच आहेत, पण ते काटेकोरपणे पाळावेत. विचारल्याशिवाय उचलू नये. टोपण आट्यांचं आहे की ओढून काढायचं, हे मालकालाच विचारावं, कारण आट्यांचं टोपण ओढलं तर कडा चिरते. टोपण पेनाच्या मागे खोचू नये, जुन्या पेनांवर त्याने वळ उमटतात. निबेवर जोर देऊ नये. बॉलपेनची सवय असलेल्या हाताचा दाब नकळत जास्त असतो, त्यामुळे लिहिण्यापूर्वी दोन ओळी मनगट सैल सोडून हवेतच लिहून पाहाव्यात. निब दाबून तिच्या फाका फाकवून जाड रेघ काढण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. त्यासाठी घडवलेल्या लवचिक निबा वेगळ्या असतात, आणि एकदा वाकलेली निब पूर्ववत होईलच असं नाही. शाई संपली तर गपचूप परत न देता मालकाला सांगावं. डावखुऱ्यांनी अनोळखी शाई आधी कागदाच्या कोपऱ्यात लावून ती किती वेळात वाळते ते पाहावं, नाहीतर हाताच्या कडेने पुसली जाते.

बैठकीत भारतीय पेनांसाठी वेगळा वेळ राखावा, कारण आपल्याकडे पेनांची स्वतःची परंपरा आहे आणि ती दुकानांच्या झगमगाटात दिसत नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी चळवळीच्या काळात पेनं बनवायला सुरुवात केली. त्यांचं पेन अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींपर्यंत पोहोचलं. गांधीजी तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. पेन वापरून पाहून, ते विदेशी पेनांना चांगला पर्याय आहे अशी पसंती त्यांनी जुलै १९३५ च्या पत्रात कळवली. आजही राजमहेंद्रीत लेथवर पेनं घडतात. तामिळनाडूतल्या तिरुवल्लूरची रंगा पेनं, मुंबईची एअरमेल आणि वॅलिटी, कानपूरच्या कॅनराइटच्या निबा, पुण्यात हातांनी घडवलेली फॉस्फरची पेनं अशी ही यादी वाढवता येते. यांतलं एक तरी पेन टेबलावर असेल याची आयोजकाने काळजी घ्यावी.

यांतली बरीच पेनं एबोनाइटची असतात. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवलं की हा कडक पदार्थ तयार होतो, म्हणून हाताने चोळलं तर गंधकाचा हलका वास येतो. तो दोष समजू नये. एबोनाइट बोटांना उबदार लागतं आणि घामटलेल्या हातातून निसटत नाही. मात्र उन्हाने त्याचा काळा रंग मातकट होतो, तेव्हा ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये आणि रात्रभर पाण्यात बुडवूही नये.

भारतीय पेनांतली मोठी संख्या ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायच्या पेनांची. छोट्या कार्ट्रिजमध्ये १ मिलीलीटरहूनही कमी शाई मावते, तर या पेनांत २ ते ४ मिलीलीटर. परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याला हे सोयीचं. त्यांच्याबद्दलची तक्रारही ठरलेली असते, की मध्येच शाईचा थेंब टपकतो. याचं कारण समजलं की उपाय सोपा आहे. शाई संपत येते तेव्हा पोटात हवा जास्त असते. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला निबेकडे ढकलते. म्हणून एक तृतीयांश शाई उरली की पुन्हा भरावं. जोडाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावावा, व्हॅसलिन लावू नये, कारण रबरी भागांना खनिज तेलाचे पदार्थ बाधतात. विमानप्रवासात पेन एकतर काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं असावं आणि निब वरच्या बाजूला. बैठकीत हे नुसतं सांगू नये. एखादं पेन उघडून, भरून, ग्रीस लावून नवख्याकडूनच करवून घ्यावं.

शाईचं टेबल वेगळं ठेवावं. सगळ्यांना सगळ्या बाटल्या विकत घेणं शक्य नसतं, म्हणून २-२ मिलीलीटरचे नमुने देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. औषधांच्या दुकानातल्या बिनसुईच्या सिरिंजा आणि झाकणाच्या छोट्या बाटल्या यांवर काम भागतं. प्रत्येक शाईला वेगळी सिरिंज हवी आणि बाटलीवर नाव लगेच लिहावं, पाच निळ्या शाया शेजारी आल्या की ओळखणं अशक्य होतं. बाटलीतून काढलेली शाई कधीही परत बाटलीत ओतू नये. एकाच्या पेनातली बुरशी त्या मार्गाने सगळ्यांच्या पेनात जाते. दोन कंपन्यांच्या शाया मिसळण्याचा प्रयोगही टाळलेला बरा, रसायनं जुळली नाहीत तर गाळ धरतो.

शाईच्या बाबतीत दोन गोष्टी नव्या माणसाला स्पष्ट सांगाव्यात. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक शाईपेनात घालायची नाही. तिच्यातला लाखेसारखा बंधक वाळला की जिभेच्या, म्हणजे निबेखालच्या शाईवाहक भागाच्या, बारीक खाचा कायमच्या बुजतात. आणि धुऊन निघणारी रॉयल ब्लू शाई महत्त्वाच्या कागदपत्रांवर वापरू नये. तिथे पिगमेंटची किंवा आयर्न गॉल शाई योग्य. आयर्न गॉलमधले लोहक्षार आणि टॅनिन कागदावर हवेच्या संपर्काने काळे पडतात आणि कागदाच्या तंतूंत रुजतात. ब्रिटनमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी अनेक वर्षं हीच शाई वापरली गेली. तिच्यात आम्ल असल्याने पेन दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावं, आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये.

देशी शायाही मांडाव्यात. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरुवात केली, त्यातून कॅमलिन उभी राहिली आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या कॅमलच्या दौतीतून शाई भरून शाळा शिकल्या. बंगालची सुलेखा १९३४ मध्ये मैत्र बंधूंनी सुरू केली, मध्ये बरीच वर्षं बंद होती, आणि २०२० पासून तिच्या शाईपेनाच्या शाया पुन्हा मिळू लागल्या. नव्या परदेशी शाईच्या चकाकीपुढे या बाटल्या साध्या दिसतात, पण रोजच्या लिखाणात त्या फार कमी त्रास देतात.

प्रत्येक बैठकीत कुणीतरी आजोबांचं किंवा वडिलांचं पेन कपाटातून काढून आणतं. निब काळवंडलेली, टोपण घट्ट बसलेलं, आत वाळलेली शाई. अशा पेनाशी घाई करू नये. टोपण निघत नसेल तर पक्कड लावू नये. निबेकडचा भाग साध्या, कोमट नव्हे, पाण्यात थोडा थोडा वेळ बुडवून शाई सुटू द्यावी. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य, त्यांनी जुनं सेल्युलॉइड आणि प्लॅस्टिक वाकडं होतं किंवा तडकतं. तरफेने शाई ओढणाऱ्या पेनात आतली रबरी थैली बहुधा कुजून ठिसूळ झालेली असते. तरफ जोराने उचलली तर तिचे तुकडे होतात, पण थैली बदलता येते आणि काम जाणकाराच्या हातात अर्ध्या तासाचं असतं. १९४८ पासूनच्या पार्कर ‘५१’मधली पारदर्शक थैली मात्र बहुधा अजून शाबूत सापडते. तिला पाणी भरून-सोडून पाहिलं की पेन तासाभरात लिहू लागतं.

जुनं पार्कर खरं आहे का आणि कधीचं, हा प्रश्नही येतोच. १९८० पासूनच्या पार्करच्या टोपणावर बारीक अक्षरात वर्षाची खूण असते. ‘क्वालिटी पेन’ या इंग्रजी शब्दांतली दहा अक्षरं क्रमाने ० ते ९ या आकड्यांसाठी वापरली आहेत. ‘क्यू’ म्हणजे शेवटचा आकडा ०, ‘यू’ म्हणजे १, आणि असंच पुढे ‘एन’पर्यंत. दशक कोणतं ते मॉडेल पाहून ओळखावं लागतं. लक्झरने १९९६ पासून भारतात पार्करची पेनं बनवायला सुरुवात केली, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत सापडणारी बरीच पार्कर त्यानंतरची असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर निबेच्या दोन फाका एका पातळीत आहेत का, टोकाचा कठीण मिश्रधातूचा थेंब झिजला आहे का, हेही दिसतं. एक फाक वर आणि दुसरी खाली असेल तर पेन एका दिशेला खरखरतं. ‘निब खराब झाली’ म्हणून बाजूला पडलेल्या पेनांपैकी बऱ्याच पेनांचं दुखणं एवढंच असतं.

खरेदी-विक्री पूर्ण बंद ठेवण्याचं कारण नाही, पण ती शेवटच्या अर्ध्या तासात, वेगळ्या कोपऱ्यात व्हावी. सुरुवातीपासून किमतींची चर्चा रंगली की पेन न परवडणारी माणसं मुकाट बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. नवख्याने पहिल्या बैठकीत काहीच विकत घेऊ नये. वहीतल्या नोंदी घरी आठवडाभर पाहाव्यात आणि मग ठरवावं.

स्वतःच्या गावात बैठक सुरू करायची असेल तर आधी जागा. गावातल्या वाचनालयाची खोली सर्वांत चांगली, उपाहारगृह दुसऱ्या क्रमांकावर, कारण तिथे टेबलं लहान आणि चहाचे कप पेनांच्या शेजारी येतात. खिडकीचा उजेड हवा, पिवळ्या दिव्याखाली शाईचे रंग खोटे दिसतात. पंखा लेखनटेबलाच्या थेट वर नसावा, उघड्या निबा लगेच सुकतात. टेबलावर वर्तमानपत्रांचे थर, त्यावर पांढरे कागद, दोन भांडी पाणी, टिश्यू आणि टीपकागद. पहिल्या वेळी आठ ते बारा माणसं पुरेत. वीसच्या पुढे गेली तर दोन टेबलं करावीत, नाहीतर पेनं हातोहात फिरताना कुणाचं कुठे गेलं ते कळत नाही. प्रत्येकाने आपण किती पेनं आणली ते येताना एका कागदावर लिहावं आणि जाताना मोजून घ्यावं. विश्वासाचा प्रश्न नाही, एकसारखी काळी पेनं खरोखरच अदलाबदल होतात.

वेळेची आखणी सैल असावी. पहिला तासभर नुसतं लिहिणं, मग एखाद्या जाणत्याकडून पेन धुण्याचं किंवा निब सरळ करण्याचं प्रात्यक्षिक, मग शाईचे नमुने. एका बैठकीत सगळ्यांनी पोस्टकार्डं लिहून त्याच दिवशी टपालात टाकावीत. पेनाने काहीतरी खरंखुरं लिहिलं जातं आणि कोणती शाई पोस्टकार्डावर फुटते तेही सगळ्यांना एकाच वेळी दिसतं. मुलांना आणायला सांगावं आणि त्यांच्यासाठी दोन-तीन स्वस्त, मजबूत, शाई भरलेली पेनं वेगळी ठेवावीत.

निमंत्रणात तारीख, वेळ, जागा यांबरोबर स्वतःची वही आणा, पेनात ताजी शाई भरून आणा आणि पेन नसेल तरी या, टेबलावर पेनं आहेत, एवढं लिहावं. पुढच्या बैठकीची तारीख लोक उठण्यापूर्वीच ठरवून टाकावी, आणि सिरिंजा, रिकाम्या बाटल्या, टीपकागद हे सामान कुणाच्या घरी राहणार तेही.